रिले पडला, तर काय व्हावे?

विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर महाराष्ट्रातल्या बहुतेक शेतकऱ्यांच्या रोजच्या ओळखीचा आहे. पत्र्याच्या पेटीवर दोन बटणे असतात, एक हिरवे आणि एक लाल. हिरवे दाबून बोट काढले तरी मोटार चालू राहते आणि लाल दाबले की थांबते. लाईट गेली की मोटार अर्थातच बंद पडते. मात्र लाईट परत आली तरी ती आपणहून सुरू होत नाही. कोणीतरी जाऊन हिरवे बटण पुन्हा दाबावे लागते. इतके विचारपूर्वक वागणाऱ्या या पेटीत ना चिप असते, ना प्रोग्रॅम. तारेची एक कॉइल, लोखंडाचा गाभा आणि जुळणारे-सुटणारे काही कॉन्टॅक्ट एवढ्यावर तिचे काम चालते.

या रचनेला रिले लॉजिक म्हणतात. विसाव्या शतकातली टेलिफोन एक्स्चेंज, जुन्या इमारतींच्या लिफ्ट, कारखान्यांतली यंत्रे, सुरुवातीची काही गणकयंत्रे आणि आजही हजारो गाड्या सुखरूप पुढे धाडणारी रेल्वेची सिग्नल यंत्रणा, हे सारे तिच्यावर उभे राहिले. आता तिची जागा इलेक्ट्रॉनिक्स घेत आहे आणि ते होणारच होते. पण जे काढून टाकायचे, ते कोणत्या विचारावर उभे होते हे आधी नीट समजून घ्यायला हवे.

रिलेची रचना सोपी आहे. कॉइलमधून वीज वाहिली की तिचे चुंबक होते आणि ते समोरची लोखंडी पट्टी ओढून घेते. या पट्टीला आर्मेचर म्हणतात. पट्टी हलली की तिला जोडलेले काही कॉन्टॅक्ट जुळतात, काही सुटतात. वीज थांबली की पट्टी स्वतःच्या वजनाने किंवा स्प्रिंगच्या जोराने मूळ जागी येते. कॉइलमध्ये वीज नसताना जे कॉन्टॅक्ट उघडे असतात त्यांना वायरमन ‘एनओ’ म्हणतात आणि जे जुळलेले असतात त्यांना ‘एनसी’. रेल्वेचे सिग्नल कर्मचारी त्यांनाच फ्रंट आणि बॅक कॉन्टॅक्ट म्हणतात. कॉइलला वीज मिळाली की रिले ‘उचलला’ आणि वीज तुटली की ‘पडला’, अशी त्यांची भाषा आहे.

सुरुवातीला रिलेचे काम फक्त निरोप पुढे नेण्याचे होते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३० च्या दशकात हे तत्त्व दाखवले आणि तारायंत्राने ते उचलले. लांबलचक तारेच्या टोकाशी पोचेपर्यंत वीजप्रवाह क्षीण होई. तेवढ्या क्षीण प्रवाहाने रिले उचलायचा आणि त्याच्या कॉन्टॅक्टमधून ताज्या बॅटरीचा प्रवाह पुढच्या तारेत सोडायचा, अशी ती सोय होती.

विचार करणारे मंडल यातून कसे तयार होते, ते कॉन्टॅक्टच्या मांडणीत दिसते. दोन कॉन्टॅक्ट एकामागोमाग जोडले तर दोन्ही जुळल्यावरच वीज पुढे जाते. हे झाले ‘आणि’. तेच शेजारी-शेजारी जोडले तर कोणताही एक जुळला तरी पुरते. हे झाले ‘किंवा’. एनसी कॉन्टॅक्ट घेतला तर रिले उचलल्यावर वीज तुटते, म्हणजे ‘नाही’. कितीही गुंतागुंतीची अट या तीन शब्दांत मांडता येते आणि म्हणून कॉन्टॅक्टमध्येही.

स्मरणशक्तीचा उलगडा पंपाच्या स्टार्टरमध्येच होतो. हिरव्या बटणाच्या शेजारी कॉन्टॅक्टरचा, म्हणजे मोठा प्रवाह सांभाळणाऱ्या रिलेचा, स्वतःचाच एक एनओ कॉन्टॅक्ट जोडलेला असतो. बटण दाबल्यावर कॉन्टॅक्टर उचलतो, हा कॉन्टॅक्ट जुळतो आणि कॉइलला त्यातून वीज मिळू लागते. आता बटणाची गरज उरत नाही. कॉन्टॅक्टरने स्वतःलाच धरून ठेवलेले असते. वायरमन याला होल्डिंग म्हणतात. लाल बटण याच वाटेत एनसी म्हणून बसवलेले असते. ते दाबले की वाट तुटते आणि कॉन्टॅक्टर पडतो. एक आज्ञा लक्षात ठेवणारी, पुसता येणारी ही स्मृती आहे. लाईट गेली की ती आपोआप पुसली जाते आणि असे व्हावे हा रचनाकाराचा हेतूच असतो. दरम्यान मोटारीला कोणी हात लावलेला असेल, पट्टा काढलेला असेल, कोणी विहिरीत उतरलेले असेल. अशा वेळी मोटार आपोआप सुरू होता कामा नये.

या हेतूला बगल देणारा ऑटो स्विच गावोगाव दिसतो. लाईट आली की तो मोटार आपोआप सुरू करतो. ज्याला रात्री दोन वाजता वीज मिळते, त्या शेतकऱ्याने तो का बसवला हे समजायला फार विचार करावा लागत नाही. पण एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की प्रत्येक मोटार सुरुवातीला नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, आणि त्या भाराने रोहित्र जळते. ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असे महावितरण वारंवार सांगते ते यासाठी. स्टार्टरचे शहाणपण काढून घेतल्याची किंमत अख्ख्या शिवाराला मोजावी लागते.

रिलेची मंडले बरीच वर्षे निव्वळ अनुभवावर आणि अंदाजावर रचली जात. त्यांना गणित मिळाले ते १९३७ मध्ये. क्लॉड शॅनन हा २१ वर्षांचा विद्यार्थी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये व्हॅनिव्हर बुश यांच्या डिफरन्शिअल अ‍ॅनलायझर या यंत्रावर काम करत होता. यंत्राचा गणिती भाग चाकांचा आणि दांड्यांचा होता, पण त्याचे नियंत्रण शंभरेक रिलेंचे मंडल करीत असे. जॉर्ज बूल यांनी १८५४ च्या ग्रंथात मांडलेले तर्काचे बीजगणित शॅननला ठाऊक होते. कॉन्टॅक्ट उघडा किंवा बंद आणि विधान खरे किंवा खोटे, या दोन्हींना एकच नियम लागू पडतात हे त्याने आपल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखवून दिले. जपानमध्ये अकिरा नाकाशिमा आणि रशियात व्हिक्टर शेस्ताकोव्ह हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच निष्कर्षाजवळ पोचले होते.

त्यामुळे मंडल हे समीकरण म्हणून लिहिता येऊ लागले. समीकरण सोपे केले की कॉन्टॅक्ट कमी होतात आणि काम तेच राहते. मंडल बांधण्याआधीच ते बरोबर आहे की नाही हे कागदावर तपासता येते. शॅननने उदाहरणादाखल विजेवर चालणारे संख्यांचे कुलूप आणि द्विमान पद्धतीने बेरीज करणारे मंडलही रचून दाखवले. आजच्या प्रत्येक प्रोसेसरची रचना याच बीजगणितावर चालते. हे गणित सिलिकॉनसाठी जन्माला आलेले नाही. ते खटखट वाजणाऱ्या लोखंडी पट्ट्यांमधून आले आहे.

त्याच १९३७ साली बेल लॅबमधले जॉर्ज स्टिबिट्झ यांनी घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर जुने रिले, दिव्याचे बल्ब आणि तंबाखूच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या जोडून बेरीज करणारे छोटे यंत्र बनवले. १९४१ च्या मे महिन्यात बर्लिनमध्ये कॉनराड त्सुझे यांचे झेड-३ हे यंत्र चालू झाले. दोन हजारांहून अधिक रिले असलेले ते पहिले प्रोग्रॅमने चालणारे गणकयंत्र मानले जाते. एका गुणाकाराला त्याला सुमारे तीन सेकंद लागत. बॉम्बहल्ल्यात मूळ यंत्र नष्ट झाले. त्याची नंतर बांधलेली प्रतिकृती म्युनिकच्या डॉइचेस म्यूझियममध्ये आहे. गणनेच्या शर्यतीत रिले टिकणार नव्हते. पट्टी हलायला काही मिलिसेकंद लागतातच, आणि व्हॉल्व्हना, म्हणजे निर्वात नलिकांना, हलणारा भागच नव्हता. १९४६ पर्यंत एनिअ‍ॅक हे व्हॉल्व्हचे यंत्र सेकंदाला पाच हजार बेरजा करू लागले होते.

पण जिथे वेगापेक्षा विश्वास मोलाचा होता, तिथे रिलेने पुढे सत्तर-ऐंशी वर्षे आपली जागा सोडली नाही. रेल्वेचा सिग्नल ही ती जागा, आणि या विद्येचे खरे सौंदर्य पाहायचे तर तिथेच पाहावे.

अमेरिकेतले विल्यम रॉबिन्सन यांनी १८७० च्या सुमारास गाडी आली हे विजेने ओळखणारी पहिली यंत्रणा बनवली. गाडी ठरलेल्या जागी आली की रिले उचलायचा आणि सिग्नल धोक्याचा व्हायचा. यंत्रणा चालली. तिच्यातला दोष मात्र खुद्द रॉबिन्सन यांच्याच लक्षात आला. तार तुटली किंवा बॅटरी उतरली, तर गाडी येऊनही रिले उचलणार नाही आणि पुढे गाडी उभी असताना सिग्नल ‘वाट मोकळी आहे’ असे सांगत राहील. यंत्र बिघडले तरी ते बिघडल्याचे कोणाला कळणारच नाही.

त्यांनी सगळी मांडणी उलटी केली. १८७२ मध्ये त्यांना पेटंट मिळालेल्या ट्रॅक सर्किटमध्ये रुळांचा एक तुकडा दोन्ही टोकांना विद्युतरोधक जोड घालून वेगळा काढतात. एका टोकाला दोन रुळांमध्ये बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. रूळ मोकळे असतील तर वीज एका रुळावरून जाते, रिलेतून दुसऱ्या रुळाने परत येते आणि रिले उचललेला राहतो. गाडी आली की तिची चाके आणि आस दोन्ही रूळ जोडतात, वीज तिथूनच परत फिरते आणि रिले पडतो. रिले पडला की सिग्नल लाल. आता बॅटरी उतरली तरी रिले पडतो, तार तुटली तरी पडतो, रूळ तुटून विलग झाला तरी बहुधा पडतो. ‘वाट मोकळी आहे’ हे सांगायला प्रत्येक क्षणी वीज खर्च करावी लागते. ‘थांबा’ सांगायला काहीच लागत नाही.

अभियंते याला फेल-सेफ म्हणतात, म्हणजे बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला व्हावा अशी रचना. बिघाड होणारच नाही असे ती मानत नाही. बिघाड होणार हे धरूनच चालायचे आणि तो कोणत्या बाजूला झुकेल हे आधी ठरवायचे, असा हा विचार आहे. जुन्या सिग्नल रिलेत हे ठरवण्याचे काम गुरुत्वाकर्षणावर सोपवले होते. पट्टी स्वतःच्या वजनाने पडते, आणि गुरुत्वाकर्षण काही बंद पडत नाही. या रचनेलाही मर्यादा आहेत. फारशी वाहतूक नसलेल्या गंजक्या रुळावर चाकाचा संपर्क नीट होत नाही आणि गाडी असूनही रिले पडत नाही. अशा ठिकाणी वेगळे उपाय करावे लागतात.

पण पडायचा रिले पडलाच नाही तर? सिग्नल रिलेच्या प्रत्येक भागात या प्रश्नाचे उत्तर शोधलेले दिसते. वीज तुटल्यावर लोखंडात थोडे चुंबकत्व उरते आणि पट्टी चिकटून राहू शकते. म्हणून पट्टी आणि गाभा यांच्यामध्ये चुंबकीय नसलेल्या धातूची छोटी खुंटी ठेवतात, म्हणजे दोघे पूर्ण टेकतच नाहीत. ठिणगीने दोन धातूंचे कॉन्टॅक्ट एकमेकांना वितळून चिकटू शकतात. म्हणून भारतीय रेल्वेतल्या क्यू मालिकेच्या रिलेत एक बाजू धातूची आणि दुसरी कार्बनची असते. कार्बन धातूला चिकटत नाही. सीमेन्सच्या के-५० रिलेत दोन्ही बाजू धातूच्या असल्याने तिथे वेगळा मार्ग घेतला आहे. सगळे कॉन्टॅक्ट यांत्रिक रीतीने एकत्र बांधलेले असतात. एक फ्रंट कॉन्टॅक्ट चिकटला तर एकही बॅक कॉन्टॅक्ट जुळू शकत नाही. मग पुढच्या मंडलात त्याचा बॅक कॉन्टॅक्ट घालतात आणि ‘हा रिले खरोखर पडला होता’ याची खात्री पटल्याशिवाय पुढची हालचाल होऊ देत नाहीत.

या घटकांतून स्थानकाचे इंटरलॉकिंग उभे राहते. परस्परविरोधी हालचाली अशक्य करणारी ही व्यवस्था आहे. स्टेशन मास्तर पॅनेलवर सिग्नलचे आणि मार्गाचे अशी दोन बटणे दाबतात. सिग्नल देणाऱ्या रिलेच्या कॉइलपर्यंत वीज पोचायला कॉन्टॅक्टची एक लांब साखळी जुळावी लागते. सांधे, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रूळ, योग्य बाजूला आहेत आणि कुलूपबंद आहेत, मार्गातले सगळे ट्रॅक सर्किट मोकळे आहेत, समोरून कोणाला सिग्नल दिलेला नाही, फाटक बंद आहे. यातली एक अट जरी अपुरी असली तरी साखळी तिथेच तुटते आणि सिग्नल लाल राहतो. मार्ग एकदा दिला की तो अडकून राहतो. गाडी एकेक ट्रॅक सर्किट ठरलेल्या क्रमाने व्यापत आणि सोडत पुढे गेल्यावरच तो सुटतो. मधेच एखादा रिले क्षणभर पडून उचलला म्हणून सांधे मोकळे होत नाहीत.

ही साखळी कागदावर वाचता येते आणि रिलेखोलीत डोळ्यांनी पाहताही येते. बऱ्याच रिलेंवर पारदर्शक आवरण असते. कोणता उचलला, कोणता पडला हे दिसते. सिग्नल मिळत नसेल तर तंत्रज्ञ नकाशा हातात घेऊन व्होल्टमीटरने एकेक टोक तपासत जातो आणि वीज जिथे थांबली तिथे त्याला कारण सापडते. यंत्राने असा निर्णय का घेतला, हे यंत्र स्वतःच दाखवते. रिले लॉजिकला देखणे म्हणावे ते मला तरी मुख्यतः यासाठी वाटते. जुन्या पितळेची चमक किंवा खटखटीची लय लोकांना आवडते, पण ती वरवरची गोष्ट आहे.

कारखान्यांतही हे वाचनसुख इतके रुजले होते की १९६९ च्या सुमारास मोडिकॉन कंपनीचा पहिला पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमने चालणारा नियंत्रक, बाजारात आला तेव्हा तो रिलेच्या नकाशासारख्या शिडीच्या आकृत्यांतूनच चालवावा लागे. वर्षानुवर्षे रिलेचे नकाशे वाचणाऱ्या कामगारांना नवे यंत्र त्यामुळे लगेच कळले. चाकण किंवा पिंपरीच्या कारखान्यांतल्या पडद्यांवर आजही ज्या शिड्या दिसतात, त्यांतली कॉन्टॅक्ट आणि कॉइलची चिन्हे तिथूनच आली आहेत.

मग रिले काढायचे कशासाठी? कारणे खरी आहेत. मोठ्या स्थानकाला हजारो रिले आणि मैलोन्‌मैल तारा लागतात. जागा लागते, तांबे लागते, आणि यार्डात एक नवा मार्ग वाढवायचा तर शेकडो टोके नव्याने जोडावी लागतात. १७ जून २०१५ रोजी इटारसीच्या रिले केबिनला आग लागली. दिल्ली-चेन्नई आणि मुंबईहून प्रयागराजकडे जाणारे मार्ग तिथे एकमेकांना छेदतात. जळालेली यंत्रणा पुन्हा उभी करायला महिन्याहून अधिक काळ लागला, आणि त्या काळात मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या रद्द झाल्या किंवा वळवाव्या लागल्या. इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग एका छोट्या खोलीत मावते. त्यात दोन किंवा तीन प्रोसेसर तोच हिशेब स्वतंत्रपणे करतात आणि उत्तरे जुळली तरच आज्ञा बाहेर जाते. घडलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंदही ते ठेवते. हा पुढचा टप्पा आहे यात शंका नाही.

रिलेची बाजू मांडताना एक गोष्ट लपवता येत नाही. फेल-सेफ रचना तुटलेल्या तारेपासून वाचवते. चुकीच्या जागी जोडलेल्या तारेपासून नाही. १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनमधल्या क्लॅपहॅम जंक्शनला तीन गाड्यांच्या अपघातात ३५ माणसे मेली. रिलेखोलीत नव्या तारा घालताना एक जुनी तार कापून काढली नव्हती आणि तिचे उघडे टोकही गुंडाळले नव्हते. ती नुसती बाजूला सारली होती. पुढे शेजारच्या कामात ती हलली, जुन्याच टोकाला टेकली आणि पडायचा रिले उचललेला राहिला. पुढे गाडी उभी असताना सिग्नल लाल झाला नाही. अँथनी हिडन यांच्या चौकशीत असे दिसून आले की ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला आधीच्या तेरा आठवड्यांत एकच दिवस सुट्टी मिळाली होती, आणि त्याच्या कामातल्या तारा दुसऱ्या कोणीही स्वतंत्रपणे मोजून तपासल्या नव्हत्या.

२ जून २०२३ रोजी ओडिशातल्या बहानगा बाजार स्थानकात रेल्वे अपघातात २९० हून अधिक माणसे मेली. तिथे इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग होते. सिग्नल मुख्य मार्गाचा मिळाला होता, सांधा मात्र मालगाडी उभी असलेल्या लूपकडे होता. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीने बोट ठेवले ते प्रोसेसरवर नव्हे, तर बाहेरच्या सिग्नल मंडलात आधी केलेल्या फेरबदलांतल्या आणि फाटकाच्या अडसराचे काम करतानाच्या चुकांवर. सांध्याची खरी स्थिती आत पोचलीच नाही. आत किती प्रोसेसर एकमेकांना पडताळत होते, याला मग अर्थ उरला नाही.

या दोन अपघातांमध्ये जवळपास पस्तीस वर्षांचे अंतर आहे आणि तंत्रज्ञानाची एक पिढी आहे. चूक मात्र एकाच ठिकाणची आहे: मंडलात बदल झाला तेव्हा नकाशा, तार आणि चाचणी यांचा मेळ राहिला नाही. म्हणून नवी यंत्रणा बसवताना फक्त खोलीची जागा किती वाचली हे पाहून चालणार नाही. काम सुरू करण्याआधी मंजूर नकाशा हातात आहे का? काढलेली प्रत्येक तार दोन्ही टोकांनी निघाली का? काम करणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाने प्रत्येक सांधा प्रत्यक्ष फिरवून पॅनेलवर तेच दिसते का, हे तपासले का? गाड्या थांबवून चाचणीला पुरेसा वेळ दिला का? क्लॅपहॅमनंतर ब्रिटनने सिग्नल कामगारांच्या तासांवर मर्यादा घातली: एका पाळीत बारा तासांपेक्षा जास्त नाही, आठवड्यात बहात्तर तासांपेक्षा जास्त नाही. आपल्याकडे सिग्नल खात्यातली रिकामी पदे आणि गाड्यांच्या वेळापत्रकातून कशीबशी मिळणारी कामाची फट यांचा विचार याच कसोटीवर व्हायला हवा. आयटीआयमध्ये आणि रेल्वेच्या प्रशिक्षण केंद्रांत येणाऱ्या मुलांच्या हाती पडद्याआधी एक रिले, एक बॅटरी आणि थोड्या तारा द्याव्यात. स्वतः जोडलेल्या मंडलातली एक तार त्यांनी उपटून पाहावी आणि बिघाड कोणत्या बाजूला झुकला ते शिक्षकांना सांगावे.